पुलावर जेवण आणू नये

एवान्थिया मावशीने त्रायको काकाला होकार दिला आणि सप्टेंबरात त्यांचं लग्न झालं. लग्नात पाद्र्याने काकाच्या डोक्यावर मुकुट धरला, तेव्हा तो ओळंब्यात आहे की नाही हे काकाने एक डोळा मिटून तपासलं.

आता हे झालंच नाही असं धरून चला. मीही काही बोललो नाही. आमच्याकडे बांधकामाजवळ चांगली बातमी मोठ्याने सांगत नाहीत. भिंती ऐकतात आणि त्यांना हेवा वाटतो. म्हणून आमच्या गावची माणसं अर्धवट भिंतीपाशी फक्त हवामान, गुडघेदुखी आणि सरकार एवढ्याच विषयांवर बोलतात. भिंतीला या तिन्हींचा हेवा वाटत नाही. तेव्हा आपण मागे जूनमध्ये जाऊ. पूल अर्धा झाला होता, काका विधुर होता आणि होकाराचा कुठे पत्ता नव्हता.

पूल म्हणजे आमच्या नदीवरची जुनी एका कमानीची वाट. ती पुरात वाहून गेली. वाहतुकीसाठी खाली सिमेंटचा पूल आहेच, पण त्याला आम्ही पूल म्हणत नाही, रस्ता म्हणतो. दगडी कमान हाताने उभी करणारी माणसं आता रोदोपीच्या डोंगरात इतकी कमी उरलीत की एका पुलासाठी तीन देश पालथे घालावे लागले. अल्बानियाहून अग्रोन आला. तो दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन दगडाशी. रोमानियाहून कॉर्नेल आला. तो प्रत्येक दगड बसवण्याआधी छातीवर क्रूस काढतो आणि बसवल्यावर दगडाच्या आईचा उद्धार करतो. आणि मुख्य गवंडी माझा काका, त्रायको.

त्याच्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत म्हणून त्याचं नाव त्रायको ठेवलं. म्हणजे, टिकून राहा. तो टिकला. त्याने बांधलेलंही टिकतं. टिकत नाहीत ती फक्त त्याची वाक्यं. सुरू होतात, जरा वर येतात आणि मध्येच कोसळतात.

मी बिसेर, त्याचा पुतण्या. मी माल कालवतो. चुना, वाळू, पाणी, परत चुना. याशिवाय मी विद्यापीठात एक प्रबंध लिहितोय. त्याला इतकी वर्षं झालीत की माझ्या सरांनी मध्यंतरी दुसरं लग्न केलं. विषय सोपा आहे. एक बांधकाम दिवसा उभं राहतं आणि रात्री पडतं. मग कळतं की त्यात एका बाईला चिणल्याशिवाय ते टिकणार नाही. मग चिणतात आणि ते टिकतं. ही गोष्ट इथून दोन्ही समुद्रांपर्यंत प्रत्येक डोंगरात आहे आणि प्रत्येक डोंगर म्हणतो की ती आमच्याकडेच घडली, बाकीच्यांनी चोरली. माणसं एकमेकांशी गाढवं आणि कुरणं यांच्यावरून भांडलेली मी पाहिलीत, पण "बाईला आम्हीच आधी मारलं" यावरून भांडतात तेव्हा आवाज जास्त चढतो.

माझं काम, या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडायच्या आणि बघायचं. सर म्हणतात, "सारखं काय ते कुणालाही दिसतं. वेगळं काय ते शोध. माणसं गोष्ट जिथे बदलतात ना, तिथे त्यांचं काहीतरी दुखत असतं."

काकाचं मत वेगळं होतं. "विद्यापीठात माल कालवायला शिकवत नाहीत, म्हणून त्यांचं काही उभं राहत नाही."

आमच्या गावची गोष्ट तीन गवंडी भावांची आहे. ठरतं असं, की उद्या ज्याची बायको आधी जेवण घेऊन येईल, तिला चिणायचं. थोरले दोघे घरी जाऊन बायकांना हळूच सांगतात, येऊ नकोस. धाकटा सांगत नाही. तो बायकोला फक्त ढीगभर कामं देतो. कपडे धू, लोकर पिंज, गायीला ओढ्यावर ने, म्हणजे तिला उशीर होईल. ती बिचारी सगळी कामं झपाट्याने उरकते आणि सगळ्यांच्या आधी जेवण घेऊन हजर.

या गोष्टीचा आमच्या गावावर एकच परिणाम झाला. कमानीचा शेवटचा, मधला दगड बसेपर्यंत कुठलीही बाई गवंड्याला जेवण नेत नाही. श्रद्धा वगैरे काही नाही, नुसतं नेत नाही. माझ्या लहानपणी हे काम एका गाढवीकडे होतं. तिला रस्ता पाठ होता. ती एकटी यायची, उभी राहायची, डबे काढून घेतले की परत जायची. ती म्हातारी होऊन मेली, त्यावरून गावाने असा निष्कर्ष काढला की हा नियम गाढवांना लागू नाही.

बायकांना मात्र लागू आहे असं काकाचं म्हणणं. त्याला कारण होतं. त्याची पहिली बायको मिल्का दुसऱ्या खोऱ्यातली होती. तिने हे सगळं हसण्यावारी नेलं आणि एकदा शाळेची भिंत चालू असताना भांडं घेऊन थेट त्याच्यापाशी गेली. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती फुप्फुसाच्या दुखण्याने गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. पण तेव्हापासून काका स्वतःच्या जेवणासाठी ब्रेड, कांदा आणि चीज खिशात घालून आणतो, आणि कामावर एखादी बाई लांबून जरी दिसली तरी परांचीवरून खाली उतरतो.

आता एवान्थिया मावशी. ती ग्रीसची, एपिरसच्या डोंगरातली. आमच्या गावातल्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून आली. तो वारला, ती राहिली. गावातली एकुलती एक बेकरी तिची. आमची भाषा ती उत्तम बोलते, फक्त रागावली की ग्रीक शिव्या देते, कारण आमच्या शिव्यांना मीठ नाही असं तिचं मत आहे.

सोमवारी सकाळी मी ब्रेड आणायला गेलो तेव्हा ती कणकेच्या गोळ्याला बडवत होती.

"बिसेर, तुझा काका मला मागणी घालून गेला, माहीत आहे ना?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, मावशी."

"मला कळायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"वाटलंच मला. दाराशी आला. 'एवान्थिया, मी म्हणत होतो की आपण जर' असं म्हणाला आणि दोन ब्रेड घेऊन गेला." तिने गोळा उलटा आपटला. "पण मला कळलं. बाईला कळतं. तर ऐक. गुरुवारी मी पुलावर जेवण घेऊन येणार. सगळ्यांदेखत."

माझ्या हातातली पिशवी खाली आली.

"पुलावर कशाला, मावशी? संध्याकाळी घरी"

"घरी नाही. आमच्या डोंगरात विधवा बाई तोंडाने हो म्हणत नाही. या वयात काय सांगायचं तोंडाने? ती भाजी आणि चीज भरून पापुद्र्यांची पिता भाजते आणि तो काम करत असेल तिथे घेऊन जाते. त्याने खाल्ली की झालं. सगळ्यांना दिसलं, बोलायची गरज नाही."

"आणि नाही खाल्ली तर?"

"तर पिता कुत्र्याला, आणि तो जन्मभर ब्रेड परगावाहून आणेल."

"डबा मी नेला तर चालेल का?"

"तू नेलास तर त्याला तुझ्याशी लग्न करावं लागेल. कपाळाला चुना लागलाय तुझ्या. पूस."

मी पुलावर जाऊन काकाला हे सांगितलं. काका हातातला दगड घेऊन खाली बसला, पण दगड खाली ठेवायचा विसरला.

"हो म्हणणार आहे?" त्याने विचारलं.

"हो म्हणायलाच येणार आहे."

त्याचा चेहरा एकदम उजळला. मग त्याची नजर अर्ध्या कमानीवर गेली आणि चेहरा परत होता तसा झाला.

"जेवण घेऊन?"

"पिता."

"गुरुवारी?"

"गुरुवारी."

"शेवटचा दगड पुढच्या आठवड्याशिवाय बसत नाही," काका म्हणाला. "येऊ देऊ नको तिला. आणि नाही पण म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"तू शिकलेला आहेस ना?"

अग्रोन आणि कॉर्नेल जवळ आले. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दोघांच्याही गावच्या गोष्टीत बायको जेवण घेऊन आलेली होतीच. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं एकाच वेळी समोर उभी दिसली. तिघांच्याही अंगाला घामाचा वास येत होता.

"सांगून टाक ना तिला सरळ," मी म्हणालो. "की इथे जेवण आणत नाहीत."

"ती विचारेल, का."

"मग का ते सांग."

काकाने दगडाकडे पाहिलं. "मी मिल्काबद्दल कुणाशी" एवढं म्हणाला आणि तिथेच थांबला.

"आमच्याकडे," कॉर्नेल म्हणाला, "चर्च बांधत होते. बायको निघाली. मुख्य गवंड्याने लांबून पाहिलं आणि देवाची प्रार्थना केली, की देवा, पाऊस पाड, नद्यांना पूर आण, तिला माघारी फिरव."

"मग? फिरली?"

"नाही. पण पाऊस पडला."

सगळ्यांनी अग्रोनकडे पाहिलं. अग्रोनने दोन दिवसांची वाक्यं एकदम खर्च केली.

"आमच्याकडे किल्ला. भावांनी एकमेकांना शब्द दिला, बायकांना सांगायचं नाही. थोरल्या दोघांनी मोडला. धाकट्याने पाळला."

"म्हणजे धाकट्याची बायको गेली."

"गेली. धाकट्याला आम्ही फार मान देतो." तो परत दगडाकडे वळला. "आम्ही सगळे थोरल्यांचे वंशज."

शेवटी काकाने आमच्या गावची युक्ती वापरायची ठरवली. कामं द्यायची, म्हणजे गुरुवारी तिला वेळच होणार नाही. मी म्हणालो, काका, ही युक्ती आपल्या गोष्टीतच फसलेली आहे. काका म्हणाला, त्याने कामं कमी दिली होती.

मंगळवारी मी बेकरीत निरोप घेऊन गेलो. काका विचारतोय, की चर्चच्या उत्सवासाठी चाळीस माणसांचा ब्रेड होईल का. होईल, मावशी म्हणाली. आणि त्याच्या घरची लोकर धुऊन पिंजून मिळेल का. तिने माझ्याकडे पाहिलं. मिळेल, ती म्हणाली. आणि बागेतल्या चेरींचा मुरंबा. आणि शेळीला डॉक्टरकडे. माझा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला की शेळीचं तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"एवढंच?"

"एवढंच म्हणाला."

"ठीक आहे." ती हसली, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "सांग त्याला, होईल."

मंगळवारी संध्याकाळी शेळी डॉक्टरकडे जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाला, शेळी ठणठणीत आहे, हिला कशाला आणलंत? बुधवारी सकाळी लोकर काकाच्या कुंपणावर वाळत होती आणि मुरंब्याच्या बरण्या दारात ओळीने उभ्या होत्या. काका त्या बरण्यांसमोर टोपी काढून उभा राहिला.

"फार उरक आहे तिला," तो म्हणाला. अभिमानाने म्हणाला आणि मग त्याला रडू फुटेल असं वाटलं.

तेव्हा कॉर्नेलने आपली युक्ती काढली. बुधवारी दुपारी त्याने परांचीवर गुडघे टेकून खणखणीत प्रार्थना केली. तासाभरात पाऊस आला. गाव कोरडं राहिलं, पण पुलावर असा पाऊस पडला की माझा सकाळपासून कालवलेला सगळा माल पांढऱ्या दुधासारखा नदीत वाहून गेला. कॉर्नेल समाधानाने म्हणाला, "बघा, चालते अजून." आकाशात एक ढग उरला नाही आणि गुरुवारचा अंदाज स्वच्छ उन्हाचा आला.

आम्ही चौघे ताडपत्रीखाली बसलो होतो. अंगं ओली, काम बंद, माल वाया. काकाने तोंड फिरवलं होतं. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी माझं काम करायला लागलो. सगळ्या गोष्टी मनात शेजारी शेजारी मांडल्या. आमच्याकडे कामं. रोमानियात पाऊस. अल्बानियात शब्द. मावशीच्या एपिरसात गवंडी एका पाखराकडून बायकोला निरोप पाठवतो, की सावकाश ये, आणि पाखरू जाऊन सांगतं, लवकर ये. पूल, किल्ला, चर्च. तीन भाऊ, नऊ गवंडी, कुठे अख्खी फौज. सगळं वेगळं. सर म्हणाले होते, वेगळं बघ. इतकी वर्षं मी वेगळंच बघत होतो.

"काका," मी म्हणालो, "एकाही गोष्टीत नवरा तिच्याशी खरं बोलत नाही."

"कुठला नवरा?"

"कुठलाही. देवाशी बोलतात, भावांशी बोलतात, पाखराशी बोलतात. हिच्याशी खरा असा एक शब्द नाही. ज्यांनी सांगितलं ते थोरले दोघे, आणि त्यांच्या बायका जगल्या. पाऊस नको, शेळी नको. फक्त बोलायला हवं होतं, एवढंच सगळीकडे सारखं आहे."

अग्रोन म्हणाला, "हे शिकायला विद्यापीठ?"

"सहावं वर्ष," मी म्हणालो.

काका उठला आणि ताडपत्रीबाहेर चिखलात जाऊन उभा राहिला.

गुरुवारी दुपारी ती आली. काळे कपडे, वर धुतलेला पांढरा रुमाल, हातात कापडात गुंडाळलेली मोठी गोल परात. पातळ पापुद्रे, आत रानभाजी आणि मेंढीचं चीज. वास तिच्या आधी पोचला. कॉर्नेलने क्रूस काढला. तो बहुधा वासासाठी असावा.

काका परांचीवरून जवळजवळ पडतच उतरला, पुलाच्या तोंडाशी धावला आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"थांब! पुढे येऊ नकोस!"

ती थांबली. चढ चढून आधीच लाल झालेला तिचा चेहरा आता पांढरा झाला.

"परत जाऊ?" तिने विचारलं. हळू विचारलं. ग्रीक शिवी नव्हती, हे वाईट चिन्ह होतं.

काकाचे हात पसरलेले तसेच राहिले. नदीचा आवाज येत होता. अग्रोन खाली बघत होता. मला वाटलं, संपलं. ती मागे वळली, दोन पावलं गेली.

"मिल्का मसुरांची आमटी घेऊन आली होती," काका म्हणाला.

ती थांबली, पण वळली नाही.

"शाळेची भिंत चालली होती. ती आली, मी खाल्ली. चांगली झाली होती. आणि मी तिला सांगितलं नाही की चांगली झाली. भिंत ऐकेल म्हणून. रात्री घरी सांगू म्हटलं. रात्री विसरलो. मग ती आजारी पडली, मग ती गेली, आणि मला अजून वाटतं की मी खाल्ली नसती तर. मी वेडा आहे, एवान्थिया. हे खरं नाही, मला माहीत आहे. पण खोटं आहे हे मला इतकंही माहीत नाही की तुला या दगडांवर पाय ठेवू देईन."

काकाच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी वाक्यं होती आणि त्यातलं एकही कोसळलं नाही.

मावशी वळली. परात तिने पोटाशी धरली होती.

"हे कारण?"

"हे."

"मग ती लोकर? तो मुरंबा?"

"तुला उशीर व्हावा म्हणून."

"आणि शेळी!"

"शेळीपण."

"गाढवा! मला वाटलं, हा मला राबवून बघतोय, की बायको म्हणून किती काम उपसते! दोन दिवस मी तुला शिव्या देत लोकर पिंजली! मला वाटलं, पिता आणली तर या परदेशी मिस्त्र्यांसमोर तुला माझी लाज वाटेल!" आता ग्रीक सुरू झालं आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. बऱ्याच वेळाने ती परत आमच्या भाषेत आली. "बिसेर! तुमच्या गोष्टीतली ती बाई, चिणताना काय म्हणते?"

"ती म्हणते, माझ्या बाळाला पाजण्यापुरती जागा भिंतीत मोकळी ठेवा."

"शिव्या देत नाही?"

"नाही."

"शाप?"

"नाही."

"तुम्ही?" तिने अग्रोनला विचारलं. अग्रोनने मान हलवली. त्यांची बाईही बाळापुरतंच बोलते.

"वा! म्हणून तुमचे पूल टिकतात. आमची शाप देते! भर भिंतीतून ओरडते, की हा पूल जन्मभर थरथरत राहो, वरून जाणारा प्रत्येक जण खाली पडो! मग कुणीतरी तिला आठवण करून देतं, की बाई, तुझा भाऊ परदेशी गेलाय, तो परत येताना याच पुलावरून येईल. तेव्हा कुठे ती शाप मागे घेते. भावासाठी. पुलासाठी नाही." ती काकाच्या अंगावर एक पाऊल आली. "तर मिस्त्री, नीट ऐका. मी त्या गावची आहे. माझा भाऊ परदेशी नाही. माझा भाऊ घरी आहे, त्याचे गुडघे गेलेत, तो कुठेही जात नाही. मी शाप दिला तर मागे घ्यायला मला कारणच नाही. कुठला पूल मला अंगावर घेईल?"

काकाने पुलाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्याने दोघांची ताकद मनातल्या मनात मोजली आणि मी शपथेवर सांगतो, त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

"तरीपण," तो म्हणाला, "पुलावर नको."

"कामाच्या जागीच द्यावी लागते."

"मग इथे, वाटेवर."

"वाट म्हणजे कामाची जागा नव्हे. वाटेवर मी पोस्टमनलाही देईन."

दोघेही अडून बसले. तिच्या डोंगराला कामाची जागा हवी होती, आमच्या गावाला ती नको होती, आणि पिता निवत चालली होती. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शिक्षणाच्या सगळ्या काळात तज्ज्ञ म्हणून माझ्याकडे कुणी पाहिल्याची ही पहिली वेळ.

मी खाकरलो. "माल कालवायची जागा," मी म्हणालो. "ती तिकडे अक्रोडाखाली आहे. तिथे काम चालतं, म्हणून ती कामाची जागा. पण तिथे काहीच बांधलेलं नाही, म्हणून ते बांधकाम नाही. तिथे फक्त मी आहे, आणि मला चिणून काही उपयोग होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

"हे कुठल्या ग्रंथात आहे?" मावशीने विचारलं.

"माझ्या."

"मग होईल."

चुन्याच्या ढिगाशेजारी फळी टाकली. मावशीने परात उघडली. काका मांडी घालून बसला, हात पँटला पुसले, परत पुसले, मग पहिला तुकडा उचलला. आम्ही तिघे उभे. तो खाल्ला. दुसरा खाल्ला. मग त्याने मान वर केली आणि थेट पुलाकडे तोंड करून, खोऱ्यात सगळीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"चांगली झाली आहे!"

पलीकडच्या डोंगरातून ते परत आलं. पूल जिथल्या तिथे होता. मावशी रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "धूर आहे इथे." धूर नव्हता. चुना होता.

"मीठ जरा जास्त आहे," अग्रोन तिसरा तुकडा घेत म्हणाला. त्याचं ते त्या दिवसातलं चौथं वाक्य.

शेवटचा दगड पुढच्या आठवड्यात बसला. खालचा लाकडी साचा काढला, तेव्हा कमान जरा दबली, कुरकुरली आणि थांबली. त्यात कुणी नाही. दगड, चुना आणि थोडं कॉर्नेलच्या प्रार्थनेचं पावसाचं पाणी. मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून सरांना पाठवलं. सर म्हणाले, "यात तुझा काका जेवतो. निष्कर्ष कुठे आहे? निष्कर्ष औपचारिक भाषेत हवा." म्हणून मी तो औपचारिक भाषेत पुन्हा लिहिला. तो खाली जोडतो आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
दंतकथा विभाग (पूल, किल्ले व प्रार्थनास्थळे).

विषय: जेवण घेऊन आलेल्या बाईस परत जाऊ देण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या अखत्यारीतील सर्व देशांतील, सर्व भाषांतील, आजवर सांगितलेल्या व यापुढे सांगितल्या जाणाऱ्या सर्व कथांमध्ये तत्काळ दुरुस्ती करण्यात यावी. सदर बाई बांधकामाच्या जागी पोचल्यावर तिच्या पतीने तिला प्रत्यक्ष व तोंडी सर्व हकिकत सांगावी. तिने आणलेले जेवण जेवावे. जेवण कसे झाले ते मोठ्याने सांगावे. भांडे धुऊन तिच्या हाती द्यावे व दिवेलागणीच्या आत तिला तिच्या बाळाकडे घरी परत पाठवावे. ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू व्हावी, ही नम्र विनंती.

यामुळे बांधकाम रात्री पडल्यास पडू द्यावे. आमचे काका सकाळी येऊन पुन्हा बांधतील.